भुजंगचा गोल आणि माझा पास

निवृत्तीनंतर माणसानं एखादा छंद लावून घ्यावा, असं सगळेच सांगतात. माझा अनुभव असा, की ज्यांना आपण दिवसभर घरात दिसू नये असं वाटतं, तेच हे जास्त कळकळीनं सांगतात. आमच्या घरात ही कळकळ माझ्या बायकोकडे, महानंदाकडे आहे. मी सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात बत्तीस वर्षं काढली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर घरात येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूंवर माझं लक्ष असणं स्वाभाविक होतं. पण कोथिंबिरीची जुडी कोणत्या तारखेला आली हे मी फ्रीजच्या दारावर लिहायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुमी जरा बाहेर काहीतरी करा. समाजासाठी करा."

समाजासाठी काय करावं याचा मी तीन दिवस विचार केला आणि भुजंगवर स्मरणिका काढायचं ठरवलं.

भुजंग कोण, हे परभणीत साठीच्या पुढच्या माणसाला सांगावं लागत नाही. शहाऐंशी साली आमच्या बुलंद स्पोर्टिंग क्लबनं नांदेडच्या संघाला एक-शून्यनं हरवून ढाल आणली. तो एक म्हणजे भुजंगचा गोल. क्लब पुढे दोन वर्षांत बंद पडला, मैदानावर प्लॉट पडले, ढाल कुणाच्या घरी आहे ते आजतागायत कळलेलं नाही. गोल मात्र टिकून आहे. आणि त्या गोलसाठी भुजंगला जो पास मिळाला, तो मी दिला होता.

हे मी मुद्दाम सांगत नाही, ओघात आलं. तसं ते माझ्याकडून बऱ्याचदा ओघात येतं. आमच्या साखरपुड्यात आलं होतं, मुलीच्या शाळेच्या पालकसभेत आलं होतं आणि माझ्या निरोपसमारंभात दोनदा आलं होतं. पण बोलणं हवेत विरतं. बत्तीस वर्षं मी ज्या जगात वावरलो तिथे कागदावर नसलेली गोष्ट झालेलीच नसते. तो पास एकदा छापून यावा, एवढीच माझी इच्छा होती. भुजंगचा गौरव होणार होताच. त्याच्या गौरवात माझी एक ओळ कुठेतरी बसली असती.

भुजंग रेल्वेतून रिटायर होऊन पिंगळीला राहतो. म्हणजे परभणीहून पुढचंच स्टेशन. तरी एकोणचाळीस वर्षांत मी त्याला भेटायला गेलो नव्हतो. का, ते पुढे येईल.

तर सुरुवात आठवणी गोळा करण्यापासून. टीमच्या जुन्या फोटोतून भुजंगचा चेहरा मोबाइलवर कापून घेतला. फोटो काळा-पांढरा होता, त्यामुळे फारच ओकाबोका दिसत होता. महानंदानं हौसेनं त्याच्याभोवती झेंडूच्या फुलांची चौकट लावली आणि खालच्या कोपऱ्यात एक समई ठेवली. मी मजकूर लिहिला : 'बुलंद स्पोर्टिंगचे आधारस्तंभ, महान खेळाडू भुजंगराव यांच्या आठवणी सर्वांनी पाठवाव्यात.' आणि सकाळी सहा वाजता 'सुप्रभात परभणी' या ग्रुपवर टाकून दिलं.

साडेसहाला शेजारचे रेवणसिद्धअप्पा पूजा आटोपून, कपाळावर विभूती तशीच ठेवून आमच्या दारात उभे. "शिवकांतराव, लय वाईट झालं. कवा गेले?"

"कोण?"

"तुमचे भुजंगराव."

मी म्हटलं, अप्पा, ते कुठेही गेलेले नाहीत. अप्पांनी चष्मा वर करून मोबाइल माझ्यासमोर धरला. "मग हे काय हाय? जित्या माणसाचा फोटो असा असतो का? जित्या माणसाच्या डोळ्यांवर गॉगल असतो, कानाला मोबाइल असतो, खाली शुभेच्छुकांची पंगत असती. नुसतं तोंड, तेबी काळं-पांढरं, फुलं, समई, आणि वर म्हने आठवणी पाठवा. जित्या माणसाच्या आठवणी कोन मागतं?"

अप्पांचं बरोबरच आहे. आमच्याकडे जिवंत माणसाला महान म्हणायची पद्धत नाही. म्हटलंच तर तो निवडणुकीला उभा असतो.

तोवर ग्रुपवर जोडलेले हात एक्केचाळीस झाले होते. मी घाईघाईनं लिहिलं, 'भुजंगराव जिवंत आहेत.' लगेच खाली उत्तर आलं, 'खरं आहे सर, ते आपल्या आठवणीत कायम जिवंत आहेत.' त्याला पुन्हा तेवीस हात. मी लिहिलं, 'तसं नव्हे, ते खरोखर पिंगळीला राहतात.' त्यावर एकानं लिहिलं, 'राहत होते. दुरुस्ती करावी.' बत्तीस वर्षं मी लोकांच्या अर्जांत दुरुस्त्या सुचवल्या, आता माझ्या वाट्याला ती आली. पिंगळीला जाऊन कुणी बघून आलं असतं तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता. पण माणूस गेल्याची बातमी तपासायला जाणं आमच्याकडे शिष्टाचारात बसत नाही.

मी गप्प बसलो, याचं दुसरंही कारण होतं. आठवणी यायला लागल्या होत्या. जिवंत माणसाबद्दल दोन ओळी लिहायला लोक पेन शोधत बसतात. मेलेल्या माणसाबद्दल आठ दिवसांत माझ्याकडे चौतीस कागद जमा झाले. मी आवक क्रमांक टाकून ते फायलीला लावले आणि वाचायला बसलो.

एकानं लिहिलं होतं, भुजंगनं तो गोल हवेत उलटी उडी मारून केला. दुसऱ्यानं लिहिलं, डोक्यानं केला. तिसऱ्याच्या मते निम्म्या मैदानावरून मारला आणि जाळी फाटून बॉल मागच्या भज्याच्या गाड्यावर गेला. इथवर ठीक होतं. पण पुढे प्रत्येक जण पासवर यायचा, आणि तिथे माझा रक्तदाब वाढायचा. कारण चौतीसपैकी नऊ जणांनी लिहिलं होतं, 'तो पास मी दिला.' त्यांतले चार जण टीममध्येच नव्हते. एक जण तर प्रेक्षकांत बसून शेंगा खात होता. बॉल बाहेर आला तेव्हा त्यानं तो उचलून आत फेकला, आणि तोच पास, असं त्याचं म्हणणं. आमचा गोलकीपर मुजीबभाई टेलर, त्यानं तर समक्ष येऊन सांगितलं, "मियाँ, मैंने इधरसे किक मारा, सीधा उसके पाँव पे गिरा. तुमी बीचमें होते, पन बॉल तुमच्या डोक्यावरून गेला. याद है ना?"

मला काय याद आहे ते मी त्याला सांगितलं नाही. मी फक्त विचारलं, "मुजीबभाई, लेखी देता का?" तर त्यानं खिशातून कागदच काढला. आवक क्रमांक पस्तीस.

आता स्मरणिका छापून भागणार नव्हतं. नुसती छापली असती तर त्यात दहा पास आले असते आणि माझा अकरावा. खुद्द भुजंगला चार लोकांसमोर बोलावून, शाल-श्रीफळ देऊन, त्याच्याच तोंडून तो पास वदवून घ्यायला हवा होता. म्हणून सभागृह बघायला गेलो.

सभागृहाचे कारकून बन्सीधर. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि मिटलं. "सत्काराला आठ महिने तारीख न्हाई, साहेब. लग्नं हायेत, वाढदिवस हायेत, मेळावे हायेत."

"आठ महिने?" आमच्या अकरांतले चार आधीच गेले होते. आमच्या वयात आठ महिन्यांचं बुकिंग करायला छाती लागते. "काही सोय होणार नाही का?"

"शोकसभेला देता येतो. नियमच हाय तसा. मेलेल्या माणसाला थांबवून ठेवता येत न्हाई." मग त्यांनी माझ्या अर्जावरचं नाव वाचलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "अवो, हे तर भुजंगराव! म्या बी वाचलं ग्रुपवर. मग शोकसभाच लिव्हा की सरळ. का म्हून लाजायलाव?"

मी खोटं लिहिलं नसतं. पण मला अनुभवानं माहीत आहे, की अर्जातला 'कार्यक्रमाचे स्वरूप' हा रकाना भरल्यानंतर जगात पुन्हा कुणी वाचत नाही. तारीख मिळवण्यापुरतं लिहायचं, रविवारी सगळे जमले की माइक घेऊन सांगायचं, मंडळी, आनंदाची बातमी आहे. यात वाईट काय? मी लिहिलं. सही करताना हात थोडा थरथरला, तो मधुमेहामुळे असावा अशी मनाशी नोंद करून घेतली.

ग्रुपवर नुसती तारीख-वेळ टाकली आणि भुजंगला एक पत्र टाकलं : 'जुनी पोरं जमणार आहेत, रविवारी चारला सभागृहावर ये.' बाकी काही लिहिलं नाही.

रविवारी मी पावणेचारला पोचलो तर तो रकाना वाचला गेला होता. बन्सीधरनी मंचावर पांढरी चादर अंथरली होती. मी सत्कारासाठी करून आदल्या दिवशी पोचवलेल्या मोठ्या फोटोला त्यांनी पांढऱ्या फुलांचा हार घातला होता, पुढे समई लावली होती, बाजूला वाहायला सुटी फुलं परडीत ठेवली होती. "आमचा शोकसभेचा सेट असतो तसा," ते नम्रपणे म्हणाले. आणि सभागृह भरलं होतं! दोनशे माणूस सहज असेल. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मी माइककडे गेलो, आनंदाची बातमी सांगायला तोंड उघडलं, आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हातारबाबांनी इतका मोठा हुंदका दिला की माझं तोंड आपोआप मिटलं. एवढ्या लोकांचा एवढा मनापासूनचा विरस करायला निराळी हिंमत लागते.

लोक रांगेनं फोटोला फुलं वाहू लागले. त्या रांगेत एक टक्कल पडलेला, पांढरा सदरा-पायजमा घातलेला माणूस होता. तो उजवा पाय जरा बाहेर टाकत चालत होता. मी त्या चालीवरून ओळखलं, हा भुजंग. रेवणसिद्धअप्पांनी त्याच्या हातात फूल दिलं आणि म्हणाले, "वाहा. चप्पल तेवढी काढा." भुजंगनं चप्पल काढली, फूल वाहिलं, हात जोडले, आणि चष्मा कपाळावर सरकवून स्वतःचा फोटो बराच वेळ बघितला. मग शहाण्या माणसासारखा मागे जाऊन अप्पांच्या शेजारी बसला. दोन मिनिटं स्तब्धता झाली तेव्हा तो सगळ्यांबरोबर उभा राहिला. मान खाली घालून राहिला, हेही मी पाहिलं. माझं तिकडेच लक्ष असल्यामुळे ती स्तब्धता माझ्याकडून पाच मिनिटं चालली.

मग हरिओम या भावी नगरसेवकानं माइक घेतला. भुजंगकाकांनी आपल्याला बोटाला धरून मैदानावर नेलं आणि फुटबॉल शिकवला, हे सांगताना त्यानं डोळ्यांना रुमाल लावला. हरिओम चौतीस वर्षांचा आहे. तो जन्मला तेव्हा क्लब बंद पडून तीन वर्षं झाली होती. शेवटच्या रांगेत भुजंग अप्पांना काहीतरी विचारताना दिसला. अप्पांनी नंतर सांगितलं, तो विचारत होता, "ह्यो कोनाचा?"

हरिओमनंतर मुजीबभाई उठला आणि त्यानं पास दिला. त्यावर शेंगावाला उठला आणि त्यानं पास दिला. "तू तो टीममेंच नव्हता!" मुजीबभाई ओरडला. "बॉल तर मीच आत फेकलो की!" शेंगावाला ओरडला. आणखी तिघे उभे राहिले. म्हातारबाबांचा हुंदका थांबून तेही बाही सरसावू लागले. शोकसभेत मारामारी व्हायला आली, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं महानंदा उभी राहिली. ती चार माणसांत बोलायला लाजते. पण त्या दिवशी तिचा आवाज माइकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"पास यांनी दिलाय! पस्तीस वर्षं ऐकायलेय मी. एवढी वर्षं माणूस खोटं बोलंल का?"

भांडणारे सगळे माझ्याकडे वळले. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मुजीबभाई म्हणाला, "ठीक है भाभी. मग शिवकांतनी भुजंगच्या फोटोवर हात ठेवून बोलावं. मेलेल्या माणसाच्या सामने कोन झूठ बोलेगा?"

सगळ्यांना ते पटलं. मी फोटोजवळ गेलो आणि हात उचलला.

आता सांगतो. तो पास नव्हता. माझ्या पायात बॉल आला तेव्हा भुजंग मला दिसलाही नव्हता. मला गोल मारायचा होता. आयुष्यात एकदाच मारायचा होता, म्हणून मी डोळे मिटून लाथ घातली. बॉल बुटाच्या कडेला लागला आणि भलतीकडेच गेला. तिकडे भुजंग होता. डोळे उघडले तेव्हा लोक नाचत होते आणि कुणीतरी मला म्हणालं, काय पास दिलास रे! मी नाही म्हटलं नाही. त्यानंतर म्हणायची वेळच आली नाही. एकट्या भुजंगला खरं माहीत असणार, म्हणून मी एकोणचाळीस वर्षं पिंगळीची गाडी पकडली नव्हती.

मेलेल्या माणसाच्या फोटोवर हात ठेवून खोटं बोलायची माझी तयारी होती, ते मी नाकारत नाही. अडचण एवढीच होती की तो माणूस समोर बसून बघत होता. माझा हात हारापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. महानंदा माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा विश्वास हळूहळू कमी होताना मला दिसला. एवढं वाईट मला बदलीच्या ऑर्डरीनंही कधी वाटलं नव्हतं.

"थांबा," शेवटच्या रांगेतून आवाज आला. "त्याला कशापायी शपथ घालायलाव? पास त्यानंच दिलता. लय भारी पास हुता."

"तुमी कोण?" हरिओमनं विचारलं.

"म्या भुजंग."

लोकांना आनंद होईल अशी माझी कल्पना होती. पण माणूस रडून झाल्यावर त्याला असं सांगितलेलं आवडत नाही. पहिल्या रांगेतले म्हातारबाबा तर चिडून म्हणाले, "मंग म्या इतका येळ कोनापायी रडलाव?" अप्पा शेजारच्या खुर्चीवरून उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसले आणि मग लाजून परत आले. फक्त मुजीबभाई धावत गेला आणि भुजंगला मिठी मारून खरोखरच रडायला लागला. आपण पास दिला होता हे तो साफ विसरला. मग कुणीतरी फोटोचा हार काढून भुजंगच्या गळ्यात घालायला निघालं. अप्पा ओरडले, "तो नगं! तो नगं!" शेवटी महानंदानं पिशवीतली शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा पूर्वीचा विश्वास सव्याज परत आला होता.

निघताना बन्सीधरनी मला बाजूला घेतलं. "साहेब, एक अडचन झाली. रजिस्टरला भुजंगरावांची शोकसभा लागली. एका नावाला एकदाच देता येती. उद्या खरोखर काही झालं तर माझ्याकडं येऊ नका."

भुजंगला सोडायला मी स्टेशनवर गेलो. गाडीला वेळ होता. आम्ही चहा घेऊन बाकावर बसलो. तो म्हणाला, "शिवकांता, तू गोल मारायलालतास ना रं?"

मी कप खाली ठेवला. "हो."

"डोळे मिटलते तू. मला तवाच दिसलं."

"मग तिथं खोटं का सांगितलंस?"

"तुझी मालकीन उभी हुती की." त्यानं चहाचा घोट घेतला. "आन् म्या तरी कुठं गोल मारला? म्या वाकून बुटाची नाडी बांधायलालतो. बॉल आला तो पाठीला लागला आन् आत गेला. उठून बघतो तर लोकांनी खांद्यावरच घेतलं. खांद्यावर बसलेला माणूस काय सांगनार?"

त्याच भीतीनं तोही इतकी वर्षं पिंगळीहून परभणीला, जुन्या पोरांत, आला नव्हता. मला हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. एका स्टेशनाचं अंतर होतं आणि दोघंही आपापल्या जागी घाबरून बसलो होतो.

"स्मरणिकेत काय छापू?" मी विचारलं.

"लोकांनी लिव्हलं तसं छाप. उलटी उडी बी छाप. त्यांनी लय कष्ट घेतले."

मग मी त्याला बन्सीधरचा नियम सांगितला. तो इतका हसला की बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "म्हंजे माझी मरायची सोय बी ठेवली न्हाईस तू! आता सत्काराचाच अर्ज कर. किती म्हनले, आठ महिने? ऱ्हातो की म्या तवर."

सोमवारी मी पुन्हा अर्ज केला. कार्यक्रमाचे स्वरूप या रकान्यात 'सत्कार' लिहिलं, हात अजिबात थरथरला नाही. तारीख मिळाली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी पिंगळीला फोन करतो आणि विचारतो, "भुजंगा, आहेस ना?"

"हाय की," तो म्हणतो. "तू हाईस ना?"